रकाना

कानकालला ओहोटी लागली की समुद्र
इतका लांब जातो,
वाटतं, कर्ज बुडवून पळाला.
माझ्या खिडकीतून मग उरतो तो चिखल,
लोखंडी मांडण्यांवर कालवांच्या जाळीदार पिशव्या,
आणि गुडघाभर बूट ओढत चालणारी माणसं.

विम्याच्या या कचेरीत एकोणीस वर्षं
एकच प्रश्न विचारत आलोय :
"काही गंभीर आजार?"
आवाज खाली आणून विचारायचा, हे शिकवलेलं.
उत्तर शाईने नाही, पेन्सिलीने टिपायचं,
हे माझं मी शिकलो.

रोझेन तांगी पहिल्यांदा आली
तेव्हा तिने टोपी काढली नव्हती.
किनाऱ्यालगत घर हवं होतं, मागे शेड असलेलं.
तिने सगळं सांगितलं, न विचारलेलंही :
गाठ कुठली, कुठल्या बाजूला,
रेनच्या दवाखान्यात किती फेऱ्या, बसचं तिकीट किती.
खरं बोललं की काम होतं, असं वाटत असावं तिला.
मी हप्ता काढला. तिप्पट.
आकडा तोंडाने सांगायची धमक नव्हती,
कॅल्क्युलेटर फिरवून तिच्यापुढे ठेवला.
"म्हणजे मी मरणार, असं धरून चाललाय तुम्ही."
"मी नाही, मादाम. तक्ता."
ती हसली. जखमेवर मीठ तिला नवं नव्हतं,
मिठातच काम तिचं.

मग एका फेब्रुवारीत पॅरिसला कायदा बदलला.
पत्रक आलं, साहेबांनी मोठ्याने वाचलं :
उपचार संपून पाच वर्षं झाली, दुखणं परतलं नाही,
तर त्यांनी सांगायचं नाही
आणि आपण विचारायचं नाही.
विसरला जाण्याचा हक्क म्हणतात त्याला.
कोपऱ्यातला ल्युसियाँ म्हणाला, आता धंदा बसणार.
धंदा बसला नाही.
एवढंच झालं, की आवाज खाली आणायची
माझी सवय बिनकामाची झाली.

आज ती पुन्हा आली. टोपी नाही.
केस आखूड, करडे, वाऱ्याने विस्कटलेले.
रक्कम मोठी, म्हणून प्रश्नावली होतीच.
भरत भरत ती त्या रकान्यापाशी थांबली
आणि माझ्याकडे पाहिलं.
मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.
मी पंच करायचं यंत्र उगाच सरळ केलं.

"मोजलंय मी," ती म्हणाली.
"कायद्याने साडेपाच वर्षं झाली.
माझ्या हिशोबाने पाचसुद्धा नाहीत अजून.
उपचार संपले, पण कालव जिभेवर ठेवलं
की नळाच्या पाण्यासारखं लागायचं.
गिऱ्हाइकापुढे चाखायचे आणि म्हणायचे, वा, यंदा फार छान.
आठ महिने खोटं बोलले.
मग एका सकाळी, चिखलात उभी असताना,
सुरीने एक उघडलं, आणि खारट.
इतकं खारट की तिथेच खाली बसले.
त्या दिवसापासून मोजते मी."

असा दिवस टिपायला
आमच्या कुठल्याच अर्जात जागा नाही.
"तुमचा हिशोब तुमच्यापाशी राहू दे," मी म्हणालो,
"मला कायद्याचा पुरतो."
तिने रकाना ओलांडून खाली सही केली.
हप्ता निघाला तो चारचौघांचा.
या वेळी आकडा मी तोंडाने सांगितला,
जरा जास्तच मोठ्याने. ल्युसियाँने मान वर केली.

दारातून ती वळली.
"आणि मागचा कागद?"
"तळघरात असेल."

संध्याकाळी खाली उतरलो.
असं करायचं नसतं, हे मला कुणी सांगायला नको.
खोक्यातून तिचा कागद काढला, खोडरबर घेतला,
फुंकर मारून कण उडवले.
अक्षरं गेली.
मी पेन्सिल फार दाबून धरतो, बायको नेहमी म्हणते.
कागद उजेडात तिरपा केला, तर
गाठीचं नाव, बाजू, फेऱ्या
अजून बोटाला लागतात.