तिसरी ब

ऑक्टोबर संपत आला की पाकिटं येऊ लागतात.
आत वीसची, पन्नासची, कधी शंभराची नोट
आणि वहीच्या फाडलेल्या पानावर घरातले मेलेले.
मी त्यांना यादीत उतरवून घेते,
शाळेतून निवृत्त झाल्यापासून, साक्रिस्तीतल्या टेबलावर
ज्याच्या एका पायाखाली जुनं कॅलेंडर दुमडून ठेवलंय.

इनास लोबो. रेजिना आल्मेडा.
डुमिंग, ज्याला सगळे बाबू म्हणत.
एक बाळ, बाप्तिस्म्याआधीच गेलेलं.

कायतानच्या कागदावर एकच ओळ होती:
ती शाळा, रेडिओवर सांगितली ती.

मी विचारलं, कुठली? कुठला देश?
भूकंप होता की बॉम्ब?
"छप्पर पडला म्हणे. पोरां आत होती."
म्हटलं, फादर नावं वाचतात, कायतान. शाळा नाही वाचत.
"नावां असतलीच गो तेंका.
माका ठावक नाय, ती माझी चूक."

वेंगुर्ल्यात सगळ्यांना माहीत आहे
त्याचा भाऊ जहाजावर खलाशी होता.
कंपनीच्या तारेत कप्तानाचं नाव होतं,
इंजिनियरचं होतं,
मग: व इतर सहा.
आई मरेपर्यंत विचारायची,
त्या सहांत आमचा कितवा?

रात्री मोबाईलवर शोधलं.
त्या आठवड्यात अशा शाळा तीन होत्या,
तीन देशांत.
मी बातम्या खाली सरकवत गेले, मग थांबले,
मग त्याला विचारलं जे विचारायचं होतं,
ओरडून, शेजारच्या घरात दिवा लागेपर्यंत.
ते प्रार्थनेत धरतात की पापात
हे मी कबुलीत अजून सांगितलेलं नाही.

साक्रिस्तीतल्या क्रुसावर त्याचा डावा हात सैल झालाय.
सुतार दरवर्षी म्हणतो, नाताळाआधी करतो.
सकाळी गेले तर हात तसाच लोंबत होता
आणि खाली बंदरात कुणीतरी
न चालणारं इंजिन सुरू करत होतं,
थांबत होतं, पुन्हा सुरू करत होतं.

मी लिहिलं: तिसरी ब.
वर्ग मीच ठरवला. चोवीस वर्षं तिसरीला शिकवलंय,
त्यांचे पुढचे दात नुकते आलेले असतात,
तोंडाला मोठे होणारे.
अ ला नेहमी पुढे बसवतात, म्हणून ब.

दोन नोव्हेंबरला फादर वाचत होते.
आल्मेडांनंतर थांबले. चष्मा वर सरकवला.
वाटलं, गाळतील.
"तिसरी ब," ते म्हणाले,
आणि लोक सवयीनं म्हणाले,
त्यांना चिरशांती दे, प्रभू.

फक्त डिकॉस्टांच्या नातीनं आईला विचारलं,
मोठ्यानं, अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं,
आमच्या वर्गातलं कोण मेलं?

आईनं तिचं तोंड दाबलं नाही.
फादरही पुढचं नाव लगेच वाचू शकले नाहीत.

नंतर दफनभूमीत, समुद्राकडच्या भिंतीपाशी,
जिथे कुणालाच पुरलेलं नाही,
कायतान मेणबत्ती लावत बसला होता.
वारा खारा, काड्या दमट.
एक ओढली, विझली. दुसरी पेटलीच नाही.
मी काही बोलले नाही.
जिकडून वारा येत होता
तिकडे जाऊन उभी राहिले.