आकडा

सदतीस वर्षं रास्ता पेठेतल्या बिल विभागात
मी दुसऱ्यांची युनिटं मोजली.
आता स्वतःची मोजते
एका ट्रकात, जो खडकीच्या लिलावात सैन्याने काढून टाकला
आणि भोसरीच्या रियाज शिकलगारने चार महिने वेल्डिंग करून
ज्याची खोली केली.
छपरावर चार पॅनेल, पलंगाखाली बॅटरी,
दारावर सदानंदच्या हट्टाने पितळी पाटी:
पत्ता नाही, नुसतं आडनाव.

कच्छच्या रणात अकरा दिवस राहिलो.
खांब नाही, तार नाही,
ऊन एकदा वरून यायचं, एकदा मिठावरून.
तिथे मी बाराच्या ठोक्याला चटणी वाटायचे,
कारण मिक्सर आणि पाण्याचा पंप
एका वेळी चालवले की इन्व्हर्टर रुसतो.
सूर्य कलला की आवाजाची कामं बंद,
मग नुसतं निवडणं, टिपणं, शिवणं.
इतकी शिस्त मला नोकरीने लावली नव्हती.

पंचाईत होते ती परत आल्यावर.
पुण्यात गाडी लावताना जो तो सावली शोधतो,
आम्ही ऊन शोधत हिंडतो.
प्रभात रोड म्हणजे आमचा दुष्काळी भाग.
शेवटी सहकारनगरला, आमच्याच जुन्या सोसायटीत,
कचऱ्याच्या डब्यांशेजारी उन्हाचा एक तुकडा सापडला:
दहा ते अडीच.
तिसऱ्या दिवशी चेअरमनची चिठ्ठी वायपरखाली:
"सदर वाहन हे वाहन आहे की बांधकाम,
याचा लेखी खुलासा करावा."
सदानंदने उलट बाजूला लिहिलं, "चालू आहे."

मग गुरुवार आला.
गुरुवार म्हणजे दुरुस्ती, नऊ ते पाच वीज बंद,
हे मी इतक्या लोकांना फोनवर सांगितलंय
की वार ऐकला तरी घसा कोरडा पडतो.
आम्हाला गुरुवार नसतो. ढग असतात.
तीन दिवसांचे होते, बॅटरी बावन्नवर.

अकराला तिसऱ्या मजल्यावरून
केशरी वायर खाली आली, हळूहळू, विहिरीत दोर सोडावा तशी.
वर ढमढेरे आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन,
त्याची स्वतःची बॅटरी संपत आलेली,
आणि गॅलरीत सून, काहीच न बोलता.

आमच्या खात्यात आकड्याला दोन अर्थ होते:
एक बिलावर छापलेला,
दुसरा रात्री कुणीतरी तारेवर टाकलेला.
दुसऱ्यासाठी मी नोटिसा काढल्या,
वस्त्यांच्या वस्त्या अंधारात बसवल्या,
सही स्वच्छ, तारीख बरोबर.
त्या केशरी वायरीचं टोक हातात धरून
मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.
मग प्लग लावला.

पन्नास. सेहेचाळीस. एकेचाळीस.
एका मुलाचा मोबाइल, एका बाईंचं इडलीचं पीठ
(पिठाला मी नाही म्हटलं, ते मला अजून टोचतं).
सदानंद पडद्याकडे बघायचा आणि माझ्याकडे नाही.
पाचला वीज आली तेव्हा तेवीस.
विसाच्या खाली जायचं नाही, हा त्याचा नियम,
आमचं लग्न याहून कमी नियमांवर टिकलंय.

सून खाली आली, वायर कोपराभोवती गुंडाळत.
"काकू, किती झाले?"
"दीड युनिट," मी म्हणाले, "पंधराएक रुपये."
ती हसली. मला सवयीने थकबाकीही आठवली,
पण ती तिच्या नावावर नव्हती.

रात्री अख्खी सोसायटी उजळलेली
आणि आम्ही दोघं टॉर्चच्या उजेडात,
फ्रीज बंद, दूध ढमढेऱ्यांच्या फ्रीजमध्ये पाठवलेलं.
"परका मुलूख वाटतो," सदानंद म्हणाला.
भाकरी गारच होती.

सकाळी शिडी लावून वर चढले.
साळुंक्यांनी घाण केलेली, ओल्या फडक्याने पुसली.
नऊ वाजून दहा मिनिटांनी ढगाला एक फट पडली.
सदानंद खालून ओरडला,
"चोवीस!"