फळ्याची वरची वीत

ऑगस्टपासून मी तारीख खाली लिहू लागले.
फळ्याची वरची वीतभर जागा तशीच काळी.
सातवी 'ब'ला वाटलं, बाईंची नवी पद्धत असेल.
फक्त सुफियान, वर्गात सगळ्यात उंच,
एका सकाळी न विचारता उठला,
वार, तारीख, सुविचार वर लिहून
खडू परत माझ्या डाव्या हातात दिला.
डाव्या. त्यानं पाहिलं होतं.

विक्रोळीत, कन्नमवार नगरात, पिठाच्या गिरणीला लागून
फिलोमिना डाबरेची खोली आहे.
भिंतीपलीकडे कुणाची ज्वारी पडली की
इकडचं टेबल थरथरतं.
ती म्हणते, मशीनचे पैसे वाचले.

पहिल्या दिवशी तिनं काहीच दाबलं नाही.
हात वर करा, म्हणाली. खांद्याइतका गेला आणि थांबला,
दोन मजल्यांमध्ये लिफ्ट अडकावी तसा.
मागे न्या. कमरेशीही पोचेना.
मग तिनं नुसता तळवा ठेवला पाठीवर,
अनोळखी दार वाजवण्याआधी
आपण कानोसा घेतो तेवढा वेळ.

विचारलं, घरी काय उचलायचात?
मी सांगितलं: यांना.
दोन वर्षं, काखेत हात घालून,
पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर.
आषाढात ते गेले, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या,
आता तुझे हात मोकळे झाले.
खांद्यात दुःख साठलं असेल का हो?
वाक्य माझं मलाच जरा आवडलं होतं.
फिलोमिना हसली नाही.
"दुःख असेल, ते तुमचं तुम्ही बघा.
इथं स्नायू आखडलाय, बाई.
तो मी सोडवते."

दुःख लिहिताना विसर्ग द्यायचा,
दुखणं लिहिताना नाही.
बावीस वर्षं शिकवतेय मी हे.

तिचा अंगठा फऱ्याच्या कडेकडेनं खाली आला,
हरभऱ्याएवढ्या गाठीवर थांबला,
चोळलं नाही, रेटलं नाही, नुसता राहिला.
श्वास अडवू नका, सोडा.
दाबलं पाठीत आणि कळ उठली दंडात,
जिथं मी चार महिने बाम फासत होते.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.
तिसऱ्या की चौथ्या श्वासाला
गाठ विरघळली म्हणणार नाही,
पण तिनं जागा दिली. गर्दीत कुणी सरकून घेतं तशी.

घरी व्यायाम: भिंतीवर बोटं चालवायची, वर, वर,
थकतील तिथं पेन्सिलीची खूण.
गॅसजवळच्या भिंतीवर खुणांची शिडी झाली,
पोरांची उंची मोजतात तशी.
एका आठवड्यात अर्धा इंच.
पुढच्यात काही नाही.
दिवाळीची जळमटं काढली आणि इंचभर मागे.
"कुणी सांगितलं होतं?" फिलोमिना ओरडली,
वसईच्या हेलात, माझ्या आईसारखी नाही, तिच्याच आईसारखी असेल.

डिसेंबरात एका गुरुवारी तिच्या अंगठ्याला पट्टी.
दिवसाला अकरा-बारा खांदे, म्हणाली, चालायचंच.
तुमचा अंगठा कोण दाबतं?
ती गिरणीच्या भिंतीकडे बघत राहिली.
मी तिचा हात माझ्या उजव्या हातात घेतला.
"नखाजवळ नव्हे. मुळाशी. हं.
अजून. घाबरू नका."
पलीकडे कुणाचं दळण संपलं,
टेबल शांत झालं,
तरी आम्ही बसून होतो.

ब्लाउजचे मागचे हुक आता मी लावते,
न बघता, एकेक.
तारीख मात्र अजून सुफियानच लिहितो.
त्याला सांगितलेलं नाही,
वर्ष संपेपर्यंत राहू दे.
शाळा सुटल्यावर कधीतरी, वर्ग रिकामा असला की,
वरच्या विताएवढ्या जागेत
मी नुसता विसर्ग काढते. दोन टिंबं.
मग पुसते.
पुसायलाही हात तिथवर जातो.