बटण

भार्गवी महिन्याची असताना आठ प्लास्टरं झाली.
दर मंगळवारी सिव्हिलला.
मैनोद्दीनमामा पाण्यात पट्टी बुडवायचे
आणि तिचं पाऊल अंगठ्यानं चाचपायचे,
मी फणीतली तुटकी तार चाचपतो तसं,
न बघता.

पाऊल सरळ झालं. घरकुलात
आम्ही शेंगापोळ्या वाटल्या.

मग बूट. दोन बूट, मधे लोखंडी पट्टी,
रोज रात्री, चार वर्षांची होईपर्यंत.
आम्ही हो म्हणालो.
हो म्हणायला काय लागतं.

खोली एकच. रात्रपाळीहून येऊन झोपलेला भाऊ,
आणि ती पट्टी पत्र्याच्या पेटीवर
ठण्. ठण्.
एका रात्री बूट काढले. त्या रात्रीपुरते.
मग ते पेटीवर राहिले, मग पेटीत गेले.
पद्मा सगळ्यांना सांगते, तिनं काढले.
मी काढले होते.

तिसऱ्या वर्षी पाऊल पुन्हा आत बघायला लागलं.
ओल्या फरशीवर उमटायची नुसती बाहेरची कड,
फुटक्या बांगडीसारखी.
आत्या म्हणाली, ग्रहणात कात्री धरली होतीस ना?
पद्मा म्हणाली, धरली होती.
हजार विड्यांची पानं काय तुम्ही कापणार होता?

कलशेट्टी मॅडमनी केसपेपरच्या मागे पाय काढला.
ही दोरी आत ओढते.
तिथून सोडवायची, बाहेरच्या हाडाला भोक पाडून ओवायची,
तळव्यातून दोरा काढून
खाली बटणावर बांधायचा.
बटण?
बटण.
शर्टाला असतं तसलं?
तसलंच, म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मला कळलं ते. बावीस वर्षं जॉबर आहे मी.
एका बाजूचा ताणा जास्त ओढला
की टॉवेल तिरका उतरतो.
टॉवेलला शिव्या देऊन काय उपयोग.

सही करताना मात्र
सगळं कळलेलं हातातून गळालं.
आधी तेलुगूत नाव लिहिलं,
मग खोडून मराठीत.

दीड तास.
समोरच्या बाकावर कुणीतरी कडक भाकरी मोडत होतं,
त्याचा आवाज अजून आठवतो,
बाकीचं नाही.

सहा आठवड्यांनी मामांनी प्लास्टर कापलं,
मॅडमनी दोरा.
पांढरं, चार भोकांचं.
तळव्यावर गोल खळगी राहिली, फिकट.
भार्गवीनं मुठीत धरलं ते.
विचारलं, नान्ना, आता पाय सुटणार नाही ना?
मी मामांकडे बघितलं.
मामा करवतीवरचा चुना पुसत होते.

अजून ती पळत नाही. भिंत धरून
टाच टेकते, वाकून बघते,
उचलते, पुन्हा टेकते.
बटण माझ्या सदऱ्याला लावायचं म्हणते,
जिथं आधीच एक आहे.

बूट आता नकोत, मॅडम म्हणाल्या.
तरी माग बंद झाले की रात्री
माझा कान पेटीकडे जातो.