ब्रॅकेट

"बेळगावात एसी?"
असं म्हणून अख्खी गल्ली हसली होती तेव्हा.
आमच्याकडं पंखासुद्धा मे महिन्यापुरता,
बाकी वर्षभर त्याच्या पात्यांवर धूळ.

त्या वर्षांत शालनला रात्री अचानक घाम फुटायचा.
अडीच वाजता उठून ती
न्हाणीतल्या गार फरशीवर बसायची, पाठ भिंतीला लावून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाचं आहे, जाईल.
मी काहीच बोललो नाही.
सोसायटीचं कर्ज काढून दीड टनाचा आणला.

ब्रॅकेट मात्र विकतचं घेतलं नाही.
उद्यमबागेत शिफ्ट संपल्यावर अँगल कापला, वेल्डिंग केलं,
बोल्ट लेथवर स्वतः काढले.
बाळेश हुक्केरी, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा,
हात फिरवून म्हणाला,
"काका, ह्यावर बैल उभा राहील की!"

चौदा उन्हाळे झाले त्याला.

पहिल्यांदा गेला तो कपॅसिटर. ती नुसती सर्दी.
मग गॅस. भरला.
दुसऱ्या वर्षी परत गॅस. भरला.
गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे जळून संपायला,
कमी होतोय म्हणजे कुठंतरी भोक आहे.
हे मला कळत नव्हतं असं नाही.
मी टर्नर माणूस,
स्पिंडलचं बेअरिंग जायच्या दोन महिने आधी
त्याच्या आवाजात मला खडा लागतो,
भाकरीत लागतो तसा.
कारखान्यात मालकाला तोंडावर सांगायचो,
आता ह्यात पैसे घालू नका.
घरी मात्र
टीव्हीचा आवाज वाढवायचो.

हेस्कॉमचं बिल कानडीत.
मला त्यातले आकडे तेवढे लागतात.
अन्वय शाळेत शिकतो, तो बोट ठेवून वाचतो:
"आजोबा, मागच्या एप्रिलपेक्षा एकशेचाळीस युनिट जास्त."
आणि गारवा?
खाली ठेवलेल्या बादलीत ठिबकणारं पाणी गार,
खोली नव्हे.

परवा बाळेश आला.
आता पोट सुटलंय त्याचं, हाताखाली दोन पोरं.
कॉइलवर बोट फिरवून माझ्यापुढं धरलं.
तेलकट, हिरवट.
"सडलीय, काका. हा जुना गॅस आता मिळंना झालाय.
मिळाला तरी नव्याचे निम्मे पैसे हितंच जातील.
मुगीतु."
तेवढा एकच शब्द तो कानडीत का म्हणाला कुणास ठाऊक.
मराठीत म्हणाला असता
तर मी हुज्जत घातली असती.

शालन कॉटवर बसली होती. अंगावर शाल. एप्रिलात.
"मला कुठं लागतोय तो," म्हणाली,
"पाच-सहा वर्षं झाली.
तुम्ही लावता, म्हणून मी पांघरून घेते."

पाच-सहा वर्षं.
दोनदा गॅस, एक मोटर, एक सर्किट,
आणि रोज रात्री झोपायच्या आधी
मी अंधारात रिमोट चाचपून
बरोबर चोवीसवर आणायचो, तिला आवडायचं म्हणून.

नवा घेतला.
गल्लीत आता सात घरांत आहेत, कुणी हसत नाही,
मार्चपासूनच भिंती तापतात.
दुकानात शालन एवढंच म्हणाली,
"घ्या, पण त्याचं तोंड तुमच्या बाजूला करा."

जुना खाली उतरवला तेव्हा
ब्रॅकेटवर चार पायांचे चार चौकोन,
तेवढाच रंग नवाकोरा.
नव्याचे पाय आखूड. भोकं जुळेनात.
"काढून टाकू का, काका? रेडिमेड आहे गाडीत."

मी म्हटलं,
ड्रिल दे इकडं.
आणि दहाचं बिट.