कॅन ज्याचा त्याच्या गावाला

विद्यापीठाच्या टेकडीवर रात्री साडेदहालाही
एखादा मोर ओरडतो.
मी मायक्रोस्कोपच्या थंडगार खोलीत, स्वेटर घालून,
एका कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी बघत बसलेली.
कुत्रं जाऊन साठ वर्षं उलटली.
पेशींना अजून कुणी कळवलेलं नाही.

त्यांना वर-खाली कळतं.
जाळीच्या पडद्यावर खांद्याला खांदा लावून उभ्या,
गळ्याशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या.
वरचं तोंड पोकळीकडं, खालचं रक्ताकडं,
आणि खालच्या दाराचा माणूस
वरच्या दारात दिसता कामा नये.

लोह घेणारा रिसेप्टर खालच्या दारात थांबतो.
माल हाताला लागला की दारच आत वळतं,
त्याचा फुगा होतो, फुगा आत जातो,
आतली हवा जराशी आंबटते,
दूध फाटायच्या अलीकडं असतं तेवढीच,
आणि मुठीतलं लोह सुटतं.
मग रिकामा परत. पंधरा-वीस मिनिटं, फार तर.
वाटेत फाटा आहे.
एक वाट भट्टीकडं जाते, तिकडं गेलेला येत नाही.
एक वरच्या दाराला, ती ह्याची नव्हे.
फाट्यावर कुणीतरी उभं असतं,
शेपटीवरची चार अक्षरं वाचतं
आणि म्हणतं, खाली.

माझा बाप केरबा चौगले
सव्वीस वर्षं दूध संघाच्या धक्क्यावर असाच उभा होता.
पहाटे गाड्या लागायच्या.
भरले कॅन आत, रिकामे कॅन बाहेर,
आणि प्रत्येकाच्या गळ्याला तांबड्या रंगात आकडा:
कोतोलीचा एकशेचौदा, असळजचा सत्तावीस,
कडगावचे तर आकडे पुसलेलेच, ते तो पोच्यावरनं ओळखायचा.
"कॅन ज्याचा त्याच्या गावाला गेला पायजे. बाकी मला काय कळत न्हाई."

मी जन्मले तेव्हा आईचं अवघड झालेलं.
अकरा दिवस बाप सीपीआरच्या पायऱ्यांवर.
त्या अकरा दिवसांत कोतोलीचे कॅन कडगावला गेले,
कडगावचे असळजला, घाट चढून.
कुणी मेलं नाही.
लोकांनी दुसऱ्याच्या कॅनात दूध ओतलं, शिव्या दिल्या, पुन्हा ओतलं.
फक्त कुणाचं दूध पातळ, ह्याचा हिशेब
पुढं दोन वर्षं लागला नाही.

आज मी फाट्यावरचा तो एक प्रोटीन काढून घेतलाय.
मुद्दाम.
पेशी जगतात, वाढतात, दाटीवाटीनं उभ्याही राहतात,
आणि हिरवा रंग, जो खाली असायचा,
वरही चमकतोय, लोह नसलेल्या पोकळीकडं
हात पसरून.
मला आनंद व्हायला हवा. प्रयोग जमला.
वहीत तारीख टाकली आणि पेन तसंच धरून बसले.

रविवारी घरी फोटो दाखवला.
बापानं मोबाइल उभा धरला, आडवा धरला,
आकडा शोधत असावा.
चष्मा कपाळावर सारून सगळं ऐकून घेतलं,
फुगा, आंबटपणा, फाटा, भट्टी,
मध्येच "व्हय व्हय" म्हणाला, जसं काय त्याला हे आधीच ठाऊक.
परसात आमचा एक कॅन आहे, टोपण हरवलेला,
आई त्यात कोंबड्यांचा कोंडा ठेवते.
तिकडं बघत म्हणाला,
"रिकामा परत येतोय म्हणतीस."
हो.
"त्योच. पुन्हा पुन्हा."
शंभरदा तरी.
"मग धुतंय कोण त्याला?
आमच्याकडं सोडा टाकून उकळतं पाणी मारायचो,
न्हाईतर दुसऱ्या दिवशीचं दूध
भरतानाच गेलं म्हणून समज."

मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
सोमवारी सरांना विचारायचं, असं ठरवलंय,
पण हा प्रश्न
त्यांच्या भाषेत कसा मांडायचा
ते अजून सुचलेलं नाही.