रिकामी कळ

कोक्कोलाच्या बंदरातून सिव ओकेरब्लूमचा फोन,
रात्री दोन चाळीसला.
"तुझ्या खिडकीच्या अंगात आलंय."

माझी खिडकी म्हणजे काळी, नुसत्या अक्षरांची.
पाय मोडून घरी पडलो होतो त्या हिवाळ्यात
कळा विसरायला लिहिलेला टर्मिनल.
आता तो सात बंदरांत चालतो
आणि ओउलूच्या एका ग्रंथालयात.
पैसे कोणी देत नाही. फोन करतात.

झालं होतं एवढंच :
बर्फाची जाडी बघायला गेली
आणि तिच्याकडून उघडली गेली रडारची कच्ची फाइल.
तिच्यात कुठेतरी दबा धरून होता
चौदा क्रमांकाचा एक बाइट,
जो म्हणतो, इथून पुढे अक्षरं नकोत, रेघा काढा.
टर्मिनल बिचारा सांगकाम्या.
जहाजांच्या नावांचे कोपरे झाले,
वाऱ्याच्या दिशांचे आडवे दांडे.
आकडे तेवढे शाबूत.
पण कशाचे आकडे?

"रिसेट टाइप कर," मी झोपेत.
"कुठे करू? नोंदींचा प्रोग्रॅम चालू आहे.
तो बंद केला तर तूइरा माझ्या डोळ्यांआड,
आणि ती आत्ता बर्फ फोडत आत येतेय.
मला एक कळ दे, उर्हो.
दाबली की शुद्धीवर आणणारी."

कीबोर्ड म्हणजे शनिवारचा सौना,
प्रत्येक फळीवर कोणीतरी आधीच बसलेलं.
कंट्रोल-सी मारायला, कंट्रोल-झेड झोपवायला,
शिफ्टसकट आर मागच्याच वर्षी
मार्केत्ताला शोधासाठी देऊन बसलो होतो,
आणि एस्केपला हात लावला
तर अर्धं जग अंगावर येईल.

मग दिसली ती, पी-च्या उजवीकडे,
ए-च्या डोक्यावर कडं.
आमच्या फिनिश शब्दांना ती लागतच नाही.
शाळेत तिला आम्ही स्वीडनचा ओ म्हणायचो.
बाकी सगळ्या कळा बोटांनी झिजल्यात,
हिच्यावरचं अक्षर मात्र दुकानातून आणल्यासारखं.
कंट्रोल, शिफ्ट आणि ही.
उत्साहाने सिवला सांगितलं :
एक रिकामी कळ सापडली, कोणाचीच नाही.

पलीकडे थोडा वेळ नुसता रेडिओ खरखरला.
"माझं आडनाव," ती म्हणाली,
"त्या कळीने सुरू होतं."

तरीही तीच ठेवली. दुसरी नव्हतीच.

पहिल्या खेपेला तिने दाबली
आणि रेघा गेल्या. सगळंच गेलं.
कोरा काळा पडदा, चार मिनिटं.
खालच्या प्रोग्रॅमला पत्ताच नव्हता.
त्याच्या लेखी सगळं चित्र जागच्या जागी होतं,
तो फक्त बदललेलं पाठवत होता :
अंधारात मध्येच एक सात,
बऱ्याच वेळाने खाली एक तीन.

मग मी त्याच्याशी खोटं बोलायला शिकलो.
कळ दाबली की त्याला सांगायचं :
खिडकी एका ओळीने लहान झाली.
आणि लगेच : नाही नाही, होती तेवढीच आहे.
तो दचकतो,
आणि धांदलीत सगळं पुन्हा काढून देतो,
बंदर, वारा, तूइरा, पहिल्या ओळीपासून.
कोडमध्ये त्या जागी टीप लिहिली आहे : माफ कर.

नंतर पोर्तो आलेग्रेहून कोणी झुलमीरा लिहिते,
आमच्याकडे असली कळच नाही.
तिच्यासाठी सेटिंग ठेवलं, हवी ती कळ निवडा.
सिवने काही बदललं नाही.

मार्चमधल्या एका पहाटे नोंदीखाली सही करताना
तिचं करंगळीचं बोट शिफ्टऐवजी दोन्हींवर पडलं.
पडदा मिटला, उघडला,
सगळं जागेवर, एक अक्षर सोडून.
त्या रात्रीच्या नोंदीखाली अजून तसंच आहे :
तूइरा, धक्का चार, बर्फ एकसष्ट सेंटिमीटर.
केरब्लूम.

कळ बदलू का, मी विचारलं.
"राहू दे," म्हणाली. "बर्फ बरोबर लिहिलाय ना."